हॅलोचा खडक

जांबोटीच्या पुढं, बहिणीच्या गावात
शाळेमागं एक खडक आहे.
हॅलोचा खडक म्हणतात त्याला.
वर चढायचं, गोव्याकडं तोंड करायचं,
श्वास धरला तर एक काडी यायची,
कधी कर्नाटकाची, कधी गोव्याची,
वाऱ्याच्या मनात असेल तशी.

मी वर्षातून तीन-चारदा इथं येते.
बहिणीला वाटतं, फणसासाठी.

उद्यमबागेत आमची फौंड्री. मी डिस्पॅचला.
कागदावर नऊ ते साडेपाच.
साडेपाचला अंगठा टेकवते, मशीन म्हणतं थँक्यू,
आणि अनगोळच्या बसमध्ये चढेपर्यंत
पर्समध्ये काहीतरी हलायला लागतं,
पिशवीतल्या जिवंत खेकड्यासारखं.

"अदीरेन्री म्याडम?"

हिरेमठ सर वाईट नाहीत. कधी आवाज चढवत नाहीत.
नुसतं विचारतात, आहात का.
भाकरी तव्यावर असते. अदीन्री सर, आहे.
पंपाची केसिंगं पुण्याला निघाली का?
अदीन्री.
हीट नंबर चुकलाय का बघा.
अदीन्री.
रात्री पावणेअकराला एक फोटो: तडकलेला फ्लँज.
खाली काही लिहिलेलं नाही.
मी अंधारात उठून बसते
आणि पिवळा अंगठा पाठवते.
माझ्या अंगठ्यापेक्षा तो जास्त वेळ कामावर असतो.

कानडी मला अशीच आली.
शाळा मराठी, घर मराठी,
दुकानाच्या पाटीवरून भांडणारे काका तर फारच मराठी;
पण मी आहे, हे सांगायला
मी कानडीत शिकले.

ऋतिका वही घेऊन येते. "आई, आहेस का तू?"
मी हूं म्हणते.
एकदा ती हळूच म्हणाली, "अदीरेन्री म्याडम?"
आणि मी दचकून मान वर केली.
दोघी हसलो.
ती आधी थांबली.

म्हणून हे गाव.
"रेंज नव्हती सर" हे इथून गेल्यावर
खोटं न बोलता म्हणता यायचं.
जगात माझ्या मालकीची एवढीच जागा,
तीही भावजींच्या सातबाऱ्यावर.

या मे महिन्यात गेले, तर टॉवर.
नारळ फोडला, शिरा केला, पोरं खाली उभी राहून
एकमेकांनाच फोन लावत होती.
नागो गावड्याची सून दोन वर्षांमागं रात्री अडली,
तेव्हा त्याचा मुलगा त्या खडकावर उभा राहून
एकशे आठ, एकशे आठ, एकशे आठ.
काडी यायची. जायची.
तोच नागो आज पंगतीत वाढत होता.
माझ्या पानात दोनदा शिरा घातला.
"बरं झालं गो बाय," म्हणाला,
"आता कोण पण कुणाला पण गावतंय."
बरं झालं, मी म्हटलं.
खरंच बरं झालं.
शिरा मात्र उतरेना.

संध्याकाळी एकटीच खडकावर गेले.
कुणी नव्हतं. आता कशाला कोण येईल?
वर बसायला एवढी ऐसपैस जागा आहे
हे ठाऊकच नव्हतं, इथं सगळे उभेच असत,
हात वर करून, टाचा उचलून.
दगडानं दिवसभराचं ऊन धरून ठेवलेलं.
मांडीवर फोन. चारही काड्या भरलेल्या.

खेकडा हलला.

खालून ऋतिका चढत होती, चपला हातात घेऊन.
"आई, आहेस का गं वर?"
"आहे, आहे, इथंच आहे मी,"
ओरडले मी.
अंगठा त्याआधीच वर झाला होता.